दिवाणातलं जॅकेट: दोन खोल्यांच्या घरात रायडिंग गिअर ठेवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या सिडकोतलं घर. मूळचं बैठं, नंतर वर मजला चढवलेलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, मधे साडेतीन फूट रुंदीचा बोळ आणि पश्चिमेला गॅलरी. राहणारी माणसं चार: तो, त्याची बायको, त्याची आई आणि जुलै २०२३ मध्ये झालेली मुलगी. तो अंबड एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करतो. महिन्यातून एखादा रविवार मोटरसायकलवर जातो, कधी त्र्यंबकवरून जव्हार, कधी भंडारदरा, कधी सप्तशृंगी गड. नावं मुद्दाम टाळली आहेत. मी त्याच्याच मोटरसायकल ग्रुपमधला. गिअर धुणं, सुकवणं, पॅड काढून घालणं ही कामं ग्रुपमध्ये बहुतेक वेळा माझ्याकडे येतात, म्हणून या प्रकरणातही मला बोलावणं आलं.

त्याचं गिअर असं: पाचेक किलोचं लेदर जॅकेट, उन्हाळ्यासाठी जाळीचं म्हणजे मेश जॅकेट, गुडघ्याचे पॅड असलेली पँट, लेदरचे हातमोजे दोन जोड, एका ओळखीच्याकडून घेतलेले वापरलेले टूरिंग बूट आणि पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट. शिवाय नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू झालं तेव्हा रोजच्या वापराची दोन साधी हेल्मेटं आली, ती वेगळीच. या सगळ्याला घरात हक्काची जागा कधीच नव्हती. जॅकेट दाराच्या मागच्या खिळ्याला, बूट जिन्यात, हेल्मेट जिथे मोकळा कोपरा सापडेल तिथे.

२५ जून २०२३ च्या रविवारी तो जव्हारला जाऊन आला. परतताना त्र्यंबकजवळच्या आंबोली घाटापासून पाऊस लागला. बायकोचे दिवस भरत आले होते, पुढचे काही महिने गाडी काढणं होणार नव्हतं आणि बाळ यायच्या आत घर आवरायचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने जॅकेटवरून हात फिरवला, वरून कोरडं लागलं. मग दोन्ही जॅकेटं, पँट आणि हातमोजे ड्रायक्लीनवाल्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांत घालून, वर मूठभर डांबर गोळ्या टाकून दिवाणात ठेवले. बूट वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवाणाच्या दुसऱ्या कप्प्यात गेले. हेल्मेट माळ्यावर गेलं, गाडीच्या सामानाच्या खोक्यात.

काय बिघडलं

दिवाळीच्या साफसफाईत, ४ नोव्हेंबरला, दिवाण उघडला. आईंचं पहिलं वाक्य होतं, “अरे, यात काही मेलंय का?” कुबट वास आणि डांबर गोळ्यांचा वास एकत्र झाला होता. लेदर जॅकेटच्या पाठीवर आणि काखेत पांढरी-हिरवी बुरशी. हातमोजे वाळलेल्या पापडासारखे कडक. मेश जॅकेट वरून ठीक होतं, पण आतला पाठीचा पॅड ओलसर लागत होता. चार महिन्यांनंतरही. पिशवीतून ओल बाहेर जायला वाटच नव्हती.

बूट मात्र नव्यासारखे दिसत होते, आणि खरा घोटाळा तिथेच झाला. दुसऱ्या दिवशी ग्रुप सप्तशृंगी गडावर निघणार होता. चार महिने गाडीवर न बसलेला माणूस. त्याने बूट पुसले, मेश जॅकेट रात्रभर पंख्याखाली ठेवलं आणि सकाळी निघाला. वणीला चहासाठी थांबलो तर त्याच्या पायाखाली काळा चुरा पडलेला, ओल्या बिस्किटासारखा. डाव्या बुटाचा तळ पुढून सुटून लोंबत होता. डावा पाय म्हणजे गाडीचा गिअर बदलायचा. नांदुरीचा घाट तसाच चढायचा नाही, एवढं लगेच ठरलं. चिकटपट्टीचे चार वेढे मारून आम्ही दोघं सावकाश नाशिकला परत आलो, बाकीचे पुढे गेले.

नुकसानाची तपासणी

घरी आल्यावर सगळं गॅलरीत पसरलं. तीन गोष्टी तीन वेगळ्या कारणांनी बिघडल्या होत्या. त्या वेगळ्या ओळखणं गरजेचं होतं, नाहीतर सगळा दोष ‘पावसाळा’ या एकाच शब्दावर टाकून विषय मिटला असता.

लेदरवर बुरशी आली ती हवेतल्या दमटपणामुळे. सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला जम बसवता येतो, आणि घाम, धूळ, लेदरला लावलेलं तेल हा तिचा खुराक. नाशिक कोरडं शहर आहे अशी आपली समजूत असते. ती एप्रिलच्या दुपारी खरी असते. जुलै-ऑगस्टमध्ये इथेही दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत. पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेल्या बंद दिवाणात हवा हलायचा प्रश्नच नव्हता. डांबर गोळ्यांचा इथे उपयोग नव्हता. त्या लोकरीला कसर लागू नये म्हणून असतात. हवेतली ओल त्या शोषत नाहीत.

बुटाचा तळ सुटला तो गोंदामुळे नव्हे. अनेक बुटांचा मधला तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या बाष्पाशी त्याची हळूहळू प्रक्रिया होत राहते, आतली साखळी तुटत जाते आणि काही वर्षांनी तो भुसभुशीत होतो. उबदार, दमट जागी ही गती वाढते. त्यामुळे दिवाणातल्या चार महिन्यांनी तळ मारला असं म्हणता येणार नाही. बूट आधीच जुने होते, किती जुने ते घेताना विचारलं नव्हतं. दिवाणाने शेवटचा धक्का दिला. वरचं लेदर धडधाकट असल्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. अंगठ्याच्या नखाने तळाची कड दाबून पाहिली असती तर ती आत गेली असती आणि चुरा निघाला असता. त्याने तसं पाहिलं नाही. आणि मी त्या सकाळी त्याच्या शेजारी उभा असूनही पाहायला सांगितलं नाही.

हेल्मेटचं दुखणं सर्वांत शांत आणि सर्वांत गंभीर. माळ्यावरच्या त्या खोक्यात चेन पुसायचा पेट्रोलने भिजलेला फडका होता आणि तो नेमका हेल्मेटच्या पोटात खुपसलेला होता. (चेन पेट्रोलने पुसूच नये, चेनमधल्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कड्यांना, ते बाधतं, पण तो विषय वेगळा.) हेल्मेटच्या आत कापडी अस्तराखाली थर्माकोलच्या जातीचा जाड थर असतो. आपटल्यावर तो चिरडतो आणि डोक्याला बसणारा धक्का स्वतःवर घेतो. तेच त्याचं काम. पेट्रोलने थर्माकोल विरघळतं. अस्तर काढलं तेव्हा माथ्याच्या डाव्या बाजूला हातभर नव्हे, पण चांगला चार बोटं रुंद खड्डा पडलेला दिसला, कडा वितळल्यासारख्या. बाहेरून हेल्मेट चकचकीत, एक ओरखडा नाही.

पहिला निर्णय: हेल्मेट

यावर घरात सगळ्यात जास्त वेळ गेला. त्याचं म्हणणं, “दोन वर्षंच झालीत. लांबच्या राइडला नको, पण गावातल्या गावात चालेल.” त्याच्या मावसभावाने ते मागितलंही. तो पाथर्डी फाट्यावरून रोज सातपूरला जातो आणि त्याच्याकडे साधं अर्धं हेल्मेट होतं.

मी इथे भिडस्तपणा केला नाही. हेल्मेट चांगलं दिसतं म्हणूनच ते घातक, असं माझं म्हणणं होतं. अर्धं हेल्मेट घालणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपलं हेल्मेट अर्धं आहे. यात खड्डा आहे हे सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं. शेवटी त्याच्या बायकोने तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन एकच विचारलं: “तुम्ही घालाल का ते?” तो गप्प झाला. त्याच संध्याकाळी पट्टा कात्रीने कापून हेल्मेट भंगारात दिलं. पट्टा कापणं महत्त्वाचं, नाहीतर भंगारातून ते पुन्हा कोणाच्यातरी डोक्यावर जातं. मावसभावासाठी आयएसआय खुणेचं नवं हेल्मेट दोघांनी मिळून घेतलं.

कोणते पर्याय होते

मग जागेचा प्रश्न. त्याने पाच-सहा दिवस घेतले, आणि घाई केली नाही ते बरं झालं. पावसाळा संपलेला होता, हातात वेळ होता.

दिवाणच पुन्हा वापरायचा आणि त्यात ओल शोषणारे डबे ठेवायचे, हा पहिला विचार. सर्वांत कमी खटपटीचा. बाजारात मिळणाऱ्या त्या डब्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, ते ओल खेचतं आणि खाली पाणी साठतं. पण ते खारट, कातडीला झोंबणारं पाणी दिवाणात सांडलं तर लेदर गेलंच. शिवाय काही महिन्यांत मुलगी रांगायला लागणार होती. डांबर गोळ्या तर तिच्यासाठी सरळ विष. हा विचार आला तेव्हाच दिवाणातल्या उरलेल्या गोळ्या वेचून काढल्या; एक गोळी अंथरुणाच्या फटीत सापडली.

माळा दुसरा पर्याय. तिथे ओल कमी, पण मे महिन्यात वरच्या स्लॅबला हात लावून पाहावा. इतक्या उष्णतेत लेदर सुकून तडकतं, बुटांचा गोंद सैल पडतो.

गॅलरीत पत्र्याचं कपाट: पश्चिमेचा पाऊस सरळ आत येतो. खाली पार्किंगमध्ये पेटी: उंदीर, पेट्रोलची वाफ आणि चोरीची भीती. कंपनीतला लॉकर: जॅकेट मावत नाही.

राहिला बोळ. दोन्ही टोकांना दार, त्यामुळे वारा खेळता. त्याने पाचशे रुपयांच्या आतला एक डिजिटल आर्द्रतामापक आणला आणि आळीपाळीने सगळीकडे ठेवला. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात रिकाम्या, झाकण लावलेल्या दिवाणात आकडा ६८ टक्के दाखवत होता, बोळात ५४. पावसाळा सरून महिना झाल्यावर दिवाणात ६८, तर ऑगस्टमध्ये काय असेल? या एका आकड्याने वाद मिटला, निदान ओलीपुरता.

आईंचा आक्षेप मात्र उभा राहिला. बोळाच्या एका टोकाला देवघर आहे. “कातड्याचं सामान देवासमोर टांगायचं नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. मुलाने आधी थोडी चिडचिड केली. मला त्यांचं म्हणणं अडथळा वाटलं नाही. घर त्यांचंही आहे, आणि गिअरची जागा घरातल्या प्रत्येकाला पटली तरच ती टिकते, नाहीतर दोन महिन्यांत सगळं परत दिवाणात जातं. मी त्यांना विचारलं, “काकू, कुठवर चालेल तुम्हाला?” त्यांनी स्वतः जागा दाखवली: बोळाचं जिन्याकडचं टोक, देवघराकडे पाठ करून. मधे जाड पडदा. बूट दाराच्या आत नाहीत, जिन्यावरच्या फळीवर.

काय केलं

पहिला प्रयत्न फसला. त्याने स्वतःच भिंतीत दोन ब्रॅकेट ठोकून पाइप बसवला. भिंत चार इंची. ओलं जॅकेट, पँट आणि पॅड मिळून भार सहज पंधरा किलोच्या घरात जातो. तिसऱ्या दिवशी पहाटे एक ब्रॅकेट गिलाव्यासकट खाली आलं. कोणाला लागलं नाही, पण घरातल्यांची झोप उडाली आणि पाळणा त्या भिंतीपासून लांब हलवला गेला. मग सुताराला बोलावलं. त्याने भिंतीच्या माथ्यावरून जाणारा काँक्रीटचा बीम शोधला, त्यात अँकर फास्टनर मारले आणि पाइप बीमला टांगला. जमिनीपासून साडेसहा फुटांवर, म्हणजे मुलीचा हात पोचायचा नाही.

लेदर जॅकेट मी आणि त्याने मिळून साफ केलं. मास्क लावून, गॅलरीत, आधी कोरड्या ब्रशने, कारण ओला फडका आधी लावला तर बुरशी पसरते. मग पाण्यात थोडं व्हिनेगर मिसळून, आतल्या शिवणीवर आधी करून पाहून, पिळलेल्या फडक्याने पुसलं. दोन दिवस सावलीत. शेवटी लेदर कंडिशनर. डाग पूर्ण गेले नाहीत, पाठीवर फिकट ढग राहिले आहेत. मेश जॅकेट आणि पँटचे पॅड काढून कापड कोमट पाण्यात हाताने धुतलं. कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात वापरलं नाही, कारण त्याचा थर पाणी न शिरू देणाऱ्या अस्तरावर बसतो आणि ते काम करेनासं होतं. पॅड नुसते पुसले.

बुटांना नवा रबरी तळ बसवून घेतला. बुटांच्या कारागिराने जुना सगळा भुसा खरवडून काढला, चिकटवलं आणि वरून शिवलं. बाराशे रुपये लागले.

यानंतर ठरला तो घरी आल्यानंतरचा क्रम, आणि माझ्या मते या प्रकरणात पाइपपेक्षा तोच मोलाचा ठरला. गिअर खराब होतं ते ठेवलेल्या महिन्यांत दिसतं, पण त्याची सुरुवात घरी आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात होते. माणूस थकलेला असतो, भूक लागलेली असते, जॅकेट जिथे पडेल तिथे पडतं. आता तो आल्या आल्या खांद्याचे, कोपराचे आणि पाठीचे पॅड उपसून वेगळे ठेवतो. त्या फोममध्येच पाणी आणि घाम लपतो. वरचं कापड दोन तासांत वाळतं आणि फसवतं. जॅकेट रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, चेन उघड्या. बारीक तारेच्या हँगरवर लेदरचे खांदे ओघळतात. खाली जुनी स्टीलची परात, ठिबकणाऱ्या पाण्यासाठी. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बदलायचे. टेबलफॅन तिरका लावून रात्रभर. हिटर किंवा हेअर ड्रायर नाही. पूर्ण वाळल्यावर पॅड परत घालायचे आणि वेल्क्रो बंद करायचा, नाहीतर तो अस्तराला धरून जाळी ओढतो. मग सुती चादरीचा खोळ. प्लॅस्टिक घरातून हद्दपार.

नव्या हेल्मेटसाठी आईंनी जुन्या लुगड्याची चुंबळ करून दिली. राइडवरून आल्यावर हेल्मेट तिच्यावर उलटं बसतं, घरंगळत नाही, कवचाला ओरखडा येत नाही आणि आतल्या अस्तराला वारा लागतो. खुंटीवर किंवा गाडीच्या आरशावर अडकवलं तर आतला थर टोकाशी दबतो. कोणत्याही दुकानातल्या स्टँडपेक्षा मला ती चुंबळ सरस वाटते.

काय निष्पन्न झालं

२०२४ चा पावसाळा ही परीक्षा होती. जूनमध्ये तो दोनदा भिजून आला, दोन्ही वेळा क्रम पाळला, काही झालं नाही. जुलैअखेर आठवडाभर झड लागली तेव्हा बोळातला आकडा ८१ वर गेला. इथे आमचा अंदाज चुकला होता: खेळता वारासुद्धा दमट असेल तर तो वाळवत नाही, फक्त हलवतो. त्या आठवड्यात दोन्ही दारं लावून, पडद्याआड, मुलीच्या हाताला न लागेल अशा उंचीवर कॅल्शियम क्लोराइडची टांगती पिशवी बांधली, जॅकेटपासून लांब, खाली परात ठेवून. दोन दिवसांत आकडा ७० च्या आसपास आला. लेदरवर बुरशी आली नाही.

हातमोज्यांना यश आलं नाही. एक जोड कंडिशनरनेही मऊ झाला नाही, ब्रेकचा लिव्हर दाबताना बोटं अडायची, म्हणून टाकला. दुसऱ्याच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या होत्या. तो त्या उन्हात टाकून ‘ताज्या’ करायचा. सिलिका जेलमधली ओल नीट काढायला ११० ते १२० अंशांची उष्णता लागते. नाशिकचं ऊन कितीही कडक असलं तरी तिथवर पोचत नाही. घरात ओव्हन नाही. पुड्या बंद केल्या, मोजे आता लाकडी चिमट्याला बोटं वर करून लटकतात.

एकूण खर्च: पाइप, फास्टनर आणि सुताराची मजुरी मिळून दोन हजारांच्या थोडा वर. बुटांचे बाराशे. त्याचं नवं हेल्मेट साडेसहा हजार, मावसभावाचं वेगळं. हेल्मेटांचे दोन्ही खर्च एका फडक्याचे.

वेगळं काय करता आलं असतं

जव्हारहून आल्यावर पॅड काढून फक्त दोन दिवस जास्त थांबला असता, तर बुरशीचं अर्धं प्रकरण घडलंच नसतं. पण बायकोचे दिवस भरत आलेले, घरात पाहुणे येणार, अशा वेळी माणूस समोरचा पसारा डोळ्याआड करतो. त्यात मला त्याचा हलगर्जीपणा दिसत नाही. अशा घरात गिअर ओलं असताना टाकायला एक ठरलेली जागा आधीपासून असायला हवी होती.

वणीच्या राइडचा दोष मी माझ्याकडेही घेतो. चार महिने बंद असलेलं गिअर घालून पहिलीच चक्कर घाटाची नको होती. गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलो असतो तर तळ तिथेच सुटला असता आणि रिक्षाने घरी येता आलं असतं. आता ग्रुपमध्ये पावसाळ्यानंतरची पहिली राइड गंगापूरच्याच रस्त्याने ठेवतो, आणि निघण्याआधी सगळ्यांच्या बुटांच्या कडा नखाने दाबून पाहतो.

लेदर जॅकेट बोळात ठेवावं की नाही, यावर अजून एकमत नाही. आईंचं म्हणणं, त्यांनी पडदा लावून समेट केला, मन मानलेलं नाही. तो वापरलेलं जॅकेट विकून जाड कापडाचं घ्यायचा विचार करतो आहे. मला वाटतं घाईने विकू नये. डागांचं जॅकेट कमी भावात जाईल आणि घासून पडल्यावर लेदर जे सोसतं ते सगळीच कापडं सोसत नाहीत. निर्णय त्याचा आहे.

दिवाणाच्या प्लायला अजूनही बारीक वास आहे. त्याच्या मागच्या फळीला सुताराने आठ भोकं पाडून दिली, भिंतीपासून तो चार बोटं पुढे ओढला आणि आता त्यात गोधड्या असतात. त्याही ऊन दाखवून ठेवलेल्या.